वैलावरची डेचकी

"कितने लोग हैं आखिर?" चाची तिसऱ्यांदा विचारते आणि तिसऱ्यांदा आकडा बदलतो. सकाळी पंचवीस होते. दुपारी शेंदुर्णीहून फोन आला, तीस झाले. आता साडेतीन वाजलेत, ऊन भिंतीवरून घसरत तुरीच्या शेंगांच्या ढिगावर आलंय, आणि माझा मित्र कानाचा मोबाइल न काढताच म्हणतो, "अम्मी, पस्तीस पकडो."

"पकडो मत बोल. बराबर बोल. मेरेकू पानी डालना है."

संक्रांत होऊन तीन दिवस झालेत. जामनेरात या दिवसांत ऊन असेपर्यंत स्वेटर नकोसा वाटतो आणि ऊन गेलं की कांगेच्या पात्रावरून येणारा वारा कानशिलं धरतो. हे अंगण आणि माझ्या आईचं अंगण यांच्यामध्ये एक भिंत आहे, छातीइतकी उंच, वरच्या थरातल्या विटा सुटलेल्या. शाळेत होतो तेव्हा मी ती रोज दोनदा ओलांडायचो. आता पुण्याहून वर्षातून दोनदा येतो आणि सभ्य माणसासारखा फाटकातून आत शिरतो. गुडघ्यांचं मत तसंच पडतं.

दर हिवाळ्यात एकदा, तुरीच्या शेंगा भरल्या की, या घरात दालचा होतो. निमित्त काही नसतं. शेंगा हेच निमित्त.

सोलायला आम्ही चौघं बसलोय. मी, चाचीची मोठी जाऊ जिला सगळी गल्ली बडी अम्मा म्हणते, मित्राची आठ वर्षांची मुलगी, आणि तिची मैत्रीण, जी सोलते त्यापेक्षा जास्त खाते. नेरीच्या रस्त्याला मित्र दोन एकर बटाईने करतो. कपाशीत तुरीच्या ओळी. कपाशी आता वेचून संपत आली, तुरी मात्र हिरव्यागार उभ्या आहेत. शेंगेवर जांभळ्या रेघा आणि अंगभर बारीक चिकट लव. पंचवीसेक शेंगा झाल्या की बोटांची टोकं काळपट हिरवी होतात आणि एकमेकांना धरून ठेवू लागतात. शेंगेचं टोक दाबायचं, शिवण उकलते, आत अंगठा सरकवायचा. चार दाणे. कधी पाच. कधी तीन दाणे आणि एक अळी, दाण्याच्याच रंगाची, अर्ध्या दाण्यात डोकं खुपसून बसलेली, आपण घर उघडलंय याची तिला पर्वा नसते. मुलगी ती चिमटीत धरून कोंबडीपुढे टाकते.

"आमची कोंबडी नॉनव्हेज खाते," ती मला अभिमानाने सांगते.

पाटीभर शेंगा संपल्या तरी पातेल्याचा तळ जेमतेम झाकलाय. ओल्या तुरीचं हे असंच. म्हणूनच त्या विकत घेऊन कोणी पस्तीस माणसांना घालत नाही, घरच्या असाव्या लागतात.

चाची चुलीपाशी आहे. चूल विटांची, मातीने लिंपलेली, अंगणाच्या कोपऱ्यात कायमची. पुढे मोठं तोंड, मागे वैल. मोठ्या तोंडावर तांब्याची कल्हईची देग चढलीय. वैलावर अजून काही नाही. गोश्त चार किलो, सकाळी धुऊन, मीठ-हळद लावून परातीत निथळत ठेवलेलं. म्हशीचं आहे. गावात म्हणतात 'बडे का', बोकडाचं ते 'छोटे का'. मांसाचा रंग पिकल्या जांभळाकडे झुकणारा आणि त्यावरची चरबी मात्र अगदी पांढरी, गाय-बैलाच्या चरबीतली पिवळी झाक हिच्यात नसते. चाची नळीचे तुकडे वेगळे काढते, ते तळाशी जाणार.

बैलाचं आता नाही. राज्याच्या 1976 च्या कायद्यात गाय होतीच, 2015 मध्ये त्यात बैल आणि वळूही आले, म्हैस-रेडा राहिले. मित्र सकाळी पिशवी घेऊन आला ती मी पाहिलीय. पिशवीत पिशवी, वर मेथीच्या दोन जुड्या, आणि दुकानाची पावती खिशात. म्हशीचं कायद्याने चालतं, पण रस्त्यात गाडी अडवणारा कायदा वाचत बसत नाही. मित्र याबद्दल बोलत नाही, मीही विचारत नाही. मेथीच्या जुड्या आता ओट्यावर सुकत पडल्यात. उद्या त्यांची भाजी होईल.

कांदा तेलात पडतो, मग आलं-लसूण, मग गोश्त. मांस आधी पाणी सोडतं, ते आटेपर्यंत चाची परतत राहते. देगीत खरवडल्याचा आवाज, वास अजून कच्चा, थोडा लोखंडासारखा. मग हळूहळू तेल कडेला दिसायला लागतं आणि वास फिरतो. तिथे ती पहिलं पाणी ओतते. उकळतं पाणी, थंड नाही. तांब्याने मोजून.

"हे तर पस्तीसचं," ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणते. "वरचं नंतर."

माझ्याशी ती कायम मराठीत बोलते, मी कितीही हिंदी झाडलं तरी. तिचं माहेर सिल्लोडकडचं, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं. आज ते एस.टी.ने दोन-अडीच तासांवर आहे, पण तिच्या आजीच्या वेळी तो वेगळाच मुलूख होता. डोंगर आणि त्यापलीकडचं सगळं 1948 पर्यंत निजामाचं, आणि इकडे पहूर-जामनेर म्हणजे इंग्रजांचा पूर्व खानदेश. दालचा घाट उतरून तिच्याबरोबर या घरात आला. तिकडचा दालचा म्हणजे चण्याची आणि तुरीची डाळ, गोश्त, दुधी, चिंच, वरून कढीपत्त्याचा बघार. लग्नात, खान्यात पांढऱ्या किंवा बघारच्या भाताबरोबर वाढतात. इथे आल्यावर त्याला दोन गोष्टी चिकटल्या. थंडीत निम्मी डाळ काढून तिच्या जागी ओले दाणे आले. आणि आला काळा मसाला.

"तिकडे हे दाखवलं तर हसतील," ती म्हणते. "काळं दिसतं ना."

चुलीत पऱ्हाट्या आणि गेल्या सालच्या तुराट्या आहेत. कपाशीचं वाळकं झाड, म्हणजे पऱ्हाटी, भुसकन पेटतं आणि तेवढ्याच लवकर राख होतं, तुराटीचंही तेच. उकळी आणायला ही लाकडं फार चांगली, शिजवायला काही कामाची नाहीत. म्हणून उकळी फुटल्यावर चाची सगळं बाहेर ओढते आणि बाभळीचा एकच जाड ओंडका आत सरकवते. आता दोन तास याला कोणी हात लावायचा नाही. म्हातारं जनावर असतं हे, काम करून, दूध देऊन थकलेलं. त्याच्या मांसात चिवट पडदे आणि शिरा जास्त. भडक्या आचेने ते आवळतं आणि रबर होतं. मंद आचेवर तोच चिवटपणा विरघळून रश्श्यात उतरतो आणि थंडीत ओठ एकमेकांना चिकटवणारा तो दाटपणा देतो. बोकडाच्या कोवळ्या मांसाला ही करामत जमत नाही. शिवाय बोकडाच्या एका किलोच्या पैशात हे दोन किलोच्या वर येतं. चाचीला विचारलं तर ती हे दुसरं कारण आधी सांगेल.

आणि मांस कितीही स्वस्त असलं तरी पस्तीस माणसांत चार किलो म्हणजे वाट्याला काय येतं? शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यातही हाड. भागवायचं असतं ते डाळीने. जगभर गरिबाच्या चुलीवर हा हिशेब झालेला दिसतो. इराणात आबगोश्त असतं, हरभरे आणि पांढरा घेवडा मांसाबरोबर शिजवून, मग कांडून रोटीबरोबर खातात. ब्राझीलात काळ्या घेवड्याचं फेजुआदा. पूर्व युरोपातले ज्यू शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आतच घेवडा-मांस मंद आचेवर ठेवून देत. लांब कशाला जा, शाहू पाटोळे यांनी 2015 च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं जे खाणं लिहून ठेवलंय, त्यात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, हंगाम संपल्यावर पुरवून पुरवून खायच्या.

आमच्या घरी मांस नाही, पण हिशेब तोच. शेवभाजी काय, पातोडीचा रस्सा काय, डुबुकवडे काय. खानदेशात रस्सा आधी ठरतो, त्यात बुडवायचं काय ते नंतर. मटण चालत नसेल तर बेसन. बेसनही नसेल तर नुसता रस्सा, भाकरी कुस्करून. बाहेरचा माणूस शेवभाजी बघून म्हणतो, फरसाण कालवणात कसं घालता? त्याला सांगायचं, दादा, कालवण बघ, फरसाण विसर.

पाच वाजतात. बडी अम्मा उठून वैलावर एक डेचकी ठेवते. ॲल्युमिनियमची, छोटी, कानाजवळ पोचा आलेली. आत निवडलेले दाणे, दोन मुठी तुरीची डाळ, हळद, पाणी. शेजारी एक वेगळी पळी, स्टीलची, दांड्याला लाल दोरा बांधलेला.

"ये तेरी अम्मा का," ती म्हणते.

माझ्या आईने बारा वर्षांपूर्वी माळ घातली. दर वर्षी मुक्ताबाईच्या यात्रेला कोथळीला जाते, कांदा-लसूण एकादशीला सोडते, आणि चाचीच्या तुरीच्या दाण्यांची आमटी मात्र तिला हवी असते. या गोष्टी एकत्र कशा बसतात यावर दोन्ही घरांत कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही. डेचकी वेगळी, पळी वेगळी, दाणे आधी काढून ठेवलेले. विषय संपला. मी माळ घातलेली नाही. रात्री मी कुठल्या भांड्यातलं जेवतो हे आई विचारत नाही.

आता कांदे भाजायची वेळ. हे काम मला मिळतं, कारण यात बिघडण्यासारखं काही नाही असं बडी अम्माला वाटतं. आठ कांदे सालासकट निखाऱ्यात ढकलायचे. बाहेरचं साल जळून कोळसा होतं, तडकतं, आत रस फसफसतो आणि एका बाजूने गोड, जवळजवळ गुळासारखा वास सुटतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चिमट्यात धरून ज्वाळेवर. खोबरं एकदम पेट घेतं, फुंकायचं, काळं-तपकिरी झालं की बाजूला. माझी एक वाटी जरा जास्तच पेटते.

"रहने दे," बडी अम्मा जळका भाग सुरीने खरवडत म्हणते. तिचा माझ्यावरचा विश्वास बरोबर मापाचा होता.

कांद्याची सालं काढल्यावर आतला गर मऊ, पारदर्शक. तो, खोबरं, लसणाच्या तीन गड्ड्या, आलं, कोथिंबिरीचे देठ, सगळं मिक्सरमध्ये. पाटा आहे, पण त्यावर आता कोंबडी बसते.

काळा मसाला बरणीतून येतो. हा दोन्ही घरांचा एकच आहे. एप्रिलात आई आणि चाची एकाच रिक्षातून डंकावर जातात. नंदुरबारची मिरची, धने, खोबरं, तीळ, खसखस, लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, आणि दगडफूल, जे तेलात तळलं नाही तर मातीसारखं लागतं. घरी एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. त्या दिवशी गल्लीत सगळे शिंकत असतात. डंकावर रांग, कांडून झालेला मसाला हाताला गरम लागतो, आणि मग कोणाच्या डब्यात किती यावरून दोघींचं दर वर्षी थोडं वाजतं. आधी मला वाटायचं हा मसाला जगात सगळीकडे मिळतो. पुण्यात गेल्यावर कळलं, तिथे गोडा मसाला असतो. बरा असतो. पण तो रश्श्याला रंग देत नाही, रागही देत नाही.

सहा. ऊन गेलं. मुलीने कानटोपी चढवलीय. देगीचं झाकण निघतं आणि वाफ थंड हवेत सरळ उभी राहते. मांस बोटाने दाबून चाची मान हलवते. झालंय. भिजवून वेगळी शिजवलेली डाळ, चण्याची अन् तुरीची सारखी, घोटणीने घोटून आत जाते. निम्मे दाणे तव्यावर जरा परतून, जाडसर वाटून; निम्मे अख्खे. दुधीच्या मोठ्या फोडी. वाटण तेलात वेगळं परतलेलं, त्यात दीड वाटी काळा मसाला. तेल सुटताना मसाला क्षणभर फेसाळतो आणि काळसर लाल होतो. तो देगीत पडला की पिवळं सगळं एका डावात तपकिरी.

चिंच अजून नाही. तिचा कोळ वाटीत वाट बघतोय. आंबट आधी पडलं तर दाणे शिजायचं नाव घेत नाहीत, कितीही जाळ घाला, दातांखाली कचकच राहतेच. चाची एकदा नवीन लग्नात चिंच आधी घालून बसली होती. सासूने त्या दिवशी काही म्हटलं नाही. पुढची चाळीस वर्षं म्हणत राहिली.

पावणेसातला गडबड होते. कोणी तरी, कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, बाभळीचा ओंडका पुरेना म्हणून पऱ्हाट्यांची मोळी आत सारलीय. जाळ देगीच्या पोटाला लागतो. डाळ घट्ट, ती गप्प बसून तळाला धरते; मांसासारखी फडफडून सांगत नाही. पहिल्यांदा वास बडी अम्माला येतो. तिची बोटं शेंगेवर थांबतात.

"लगा क्या?"

चाची धावत जाते, जळती मोळी हाताने बाहेर ओढते, राखेवर पाणी. मी सराटा घेऊन ढवळायला पुढे होतो आणि ती माझ्यावर ओरडते, आयुष्यात पहिल्यांदा.

"खरवडू नको!"

तळ खरवडला की करपट वास सगळीकडे पसरतो. वरचं वरचं उपसून दुसऱ्या भांड्यात काढायचं, तळ सोडून द्यायचा. पण एवढं मोठं दुसरं भांडं इथे नाही. मुलगी भिंतीकडे पळते. आमच्या घरी मोठा गंज आहे, भंडाऱ्याचा, चाळीस माणसांचा. तो ओट्यावर पालथा घातलेला इथूनसुद्धा दिसतो.

"नको," चाची म्हणते. "तो नको. बडी अम्माच्या घरून आण."

मुलगी भिंतीशी थबकते, एकदा गंजाकडे बघते, मग वळते. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न आहे, पण वेळ नाही. मित्र स्कूटर काढतो. दोन गल्ल्या. आठ मिनिटं आम्ही सगळे देगीभोवती हात बांधून उभे, जसे दवाखान्याबाहेर उभे असतो. गंज येतो. चाची पळीपळीने काढते, प्रत्येक पळी नाकाजवळ नेऊन. तळाशी येते तेव्हा थांबते. देगीत बोटभर थर उरतो, त्यात नळीचे दोन तुकडे.

ती गंजातलं चाखते. परत चाखते. बडी अम्माला देते.

"नहीं लगा," बडी अम्मा म्हणते. मग, जरा थांबून, "जरासा." मग, "कांदा भाजलाय ना, त्यात जाईल ते."

माझ्या जळक्या खोबऱ्याला अशी किंमत येते.

गंज चुलीवर. आता दर पाच मिनिटांनी चाची चाखते. मीठ. थोडा मसाला. चिंच, अर्धी, चाखून मग उरलेली. वैलावरच्या डेचकीत ती लाल दोऱ्याच्या पळीने बघते, ढवळते, तिच्यातही मसाला आणि चिंच घालते, मीठ चिमटीने टाकते. ती चाखत नाही. पळी परत ताटलीत ठेवते, दुसऱ्या पळीपासून दूर.

आठच्या सुमारास भिंतीपलीकडून हाक.

"भाऊ! घे रे हे. गरम हायेत."

आईचा चेहरा भिंतीच्या वर, डोक्याला शाल. तिच्या हातातली टोपली मी घेतो, फडक्यात गुंडाळलेल्या कळण्याच्या भाकरी, बारा-पंधरा. दादरीच्या ज्वारीत सालाचे उडीद आणि खडेमीठ घालून दळलेलं पीठ. भाकरी काळसर, खरपूस, उडदाने जरा चिकट. माझ्या पुण्याच्या मित्रांना ती जळलेली वाटते.

"किती जनं आले?"

"अजून येताहेत."

"इतल्यात पुरतीन का?" ती टोपलीकडे बघते. मग चुलीकडे नाक करून, "करपलं का काही तुमचं?"

"नाही."

"मले वास आला तवा."

ती जाते. चाची खाली बसून ओढणीने तोंड झाकून हसते.

मग फाटकाशी गाड्यांचे दिवे. शेंदुर्णीवाले मोटरसायकलींवर आलेत, तोंडाला मफलर, बोटं आखडलेली. पूर्वी हे लोक पीजेने यायचे. पाचोरा ते जामनेर 56 किलोमीटरची अरुंद रुळांची ती गाडी, शंभर वर्षं चालली; मधे शेंदुर्णी, पहूर, भागदरा. इतकी हळू की चढावर पोरं उतरून बोरं तोडून परत चढत, असं मित्राचे चाचा दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी बोरांचा आकार वाढतो. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेजचं काम निघालंय. "तेव्हा एकाच गाडीने सगळे यायचो, मोजायला सोपं," चाचा हात शेकत म्हणतात.

"कितने?" चाची विचारते.

मुलगी मोजून येते. "एकतालीस. आणि एक बाळ."

चाची काही बोलत नाही. चुलीवर वेगळं उकळत असलेलं पाणी तांब्याने गंजात ओतते. एक, दोन, तीन. चौथा अर्धा. ढवळते. रस्सा पळीवरून पडताना बघते, जाड धार, मग जरा बारीक, तुटत नाही एवढी. मग बघार: तेलात जिरं, ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या, कढीपत्ता. चर्रर्र असा आवाज होतो आणि अंगणातली सगळी माणसं एका वेळी बोलायची थांबतात.

सतरंजीवर दस्तरखान. आधी पुरुष आणि पोरं, मग बायका, हे इथे अजून तसंच आहे. चाचीच्या सुनेला ते आवडत नाही आणि ती ते मोठ्याने म्हणते, मग भात घेऊन येते. भात आहे, पण शेंदुर्णीवाले आधी भाकरीकडे वळतात. खोल ताटलीत कळण्याची भाकरी कुस्करायची, वरून दालचा, मधे खड्डा, पिळायला लिंबू, बाजूला कच्चा कांदा मुठीने फोडलेला. मी पहिला घास घेतो. आधी लागते ती चिंच, मग डाळीचा गोडवा, मग काळा मसाला घशाच्या मागच्या बाजूला हळूच बसतो आणि कपाळाला घाम येतो, जानेवारीच्या रात्री. अख्खे दाणे ओठांत फुटतात, हिरवट, शेतातल्या वासाचे. मांस बोटाने सुटतं. आणि अगदी शेवटी, शोधला तरच, धुराचा एक धागा. करपल्याचा की कांद्याचा, कोण सांगणार.

माझ्या वाट्याला दोन तुकडे आणि एक नळी. चाचा नळी ताटलीवर आपटून आतला गर काढायचं शास्त्र मुलीला शिकवतायत. बाळाच्या तोंडाला नुसतं डाळीचं बोट लागलंय आणि ते भिवया वर करून विचार करतंय.

साडेनवाला बायका बसतात. चाची सगळ्यांत शेवटी, गंजात वाकून बघते. पुरलंय. तळाशी चार पळ्या असतील. दहाला मी डेचकी फडक्यात धरून भिंतीशी जातो. आई ओट्यावर बसलीय, दिवा लावून, झोपली नाही. तिने आपली वाटी आणि आपला चमचा आणलाय. भिंतीवरच्या सुट्या विटेवर डेचकी ठेवून ती वाढून घेते, फुंकते, खाते. दोन घास.

चाची पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहते.

"कशी झाली?"

आई तिसरा घास घेते. विचार करते.

"चिंच बराबर हाये," ती म्हणते. "मीठ नही हाये."

"मीठ?"

"अजिबात नही. तू चाखली नही का?"

चाची माझ्याकडे बघते, मी डेचकीकडे. मग ती न बोलता घरात जाते आणि मुठीत मीठ घेऊन येते. आई वाटी भिंतीवर पुढे सरकवते.